हप्ता पोरं फेडतील म्हणे

रविवार, रात्र

लातूरला जाऊन ट्यूशन एरियातला तो फ्लॅट बघून आलो. तिसरा मजला, दोन बेडरूम, पूर्वेला गॅलरी. मालक छत्तीस लाख म्हणतो. औशाला परत येईपर्यंत गाडीत भाऊजींचं एकच पालुपद, "वहिनी, क्लासची सहा पोरं ठेवा, महिन्याला तीन-तीन हजार घ्या. हप्ता पोरंच फेडतेत." हे गाडी चालवत होते, हूं की चूं नाही.

जुलै चालू आहे. रस्त्याला चालायला जागा नव्हती. नांदेड, बीड, परभणी, कुठकुठली लेकरं, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात गादीची वळकटी, मागे आई. अशा दिवसांत रिकामी खोली दाखवली की कुणालाही वाटेल, आपलीही भरेल.

आतल्या खोलीत खिडकीच्या वर मार्करनं मोठं ७२० लिहिलेलं. नीटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे, पैकीच्या पैकी मार्क. खाली पेन्सिलीनं उलटी मोजणी, एकेक दिवस खोडलेला. ३९ वर येऊन थांबलीय. पुढचे आकडेच नाहीत. पोरगं घरी गेलं, की मोजायचंच सोडलं, कोण जाणे. मी तिथं जरा जास्तच वेळ उभी राहिले. मालकाला वाटलं भिंतीचा रंग बघतेय. "मारून देऊ की रंग," म्हणाला.

स्वयंपाकघरातला नळ सोडला. आधी नुसती हवा फुरफुरली, मग तांबूस पाणी, मग धार. खाली वॉचमनला हळूच विचारलं. "पाणी हाय की मॅडम, पर नळाचं आठ दिसाला. उन्हाळ्यात बोर गेला की टँकर."

२०१६ ला आम्ही लातुरातच भाड्यानं राहत होतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. अख्ख्या देशानं टीव्हीवर ती गाडी पाहिली. माझ्या वाट्याला आलेला उन्हाळा म्हणजे जिन्यातून चढवलेल्या कळश्या आणि नंतर वर्षभर दुखलेला खांदा. आठ दिवसाला म्हटल्यावर भाऊजी हसले. मला नाही आलं हसू.

सोमवार

पोरांच्या वह्या तपासून झाल्यावर त्यातलंच एक कोरं पान घेऊन बसले.

हाताशी चौदा लाख आहेत. हायवेत गेलेल्या जमिनीचा मावेजा. सासूबाई म्हणतात, माती गेली, तिच्या बदल्यात मातीच घ्या. तिसऱ्या मजल्यावर कसली माती, हे त्यांना कोण सांगणार? दस्ताचा खर्च वरून वेगळा. बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, नोंदणी फी जास्तीत जास्त तीस हजार. म्हणून नाव माझं पुढे केलंय. एरवी सातबाऱ्यावर माझं नाव घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

राहिले बावीस लाख कर्ज. साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता एकोणीस हजार शंभर. सहा पोरांचे अठरा हजार. इथवर भाऊजींचा हिशेब जवळपास बरोबर.

पण नीट मे महिन्यात होते. पेपर झाला की दुसऱ्या दिवशी गाद्या गुंडाळून पोरं गावाला. भाडं धरायचं दहा महिन्यांचं, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, टँकरचा वाटा, दर वर्षी एक रंगाचा हात (७२० पुसायला) मिळून चाळीस हजार तरी जातील. हातात एक लाख चाळीस. हप्ते वर्षाचे दोन लाख एकोणतीस. एकोणनव्वद हजार पगारातून घालायचे. शिवाय चौदा लाखांच्या एफडीचं सात टक्क्यानं येणारं अठ्ठ्याण्णव हजार व्याज बंद. ते भाऊजींच्या हिशेबात नव्हतंच. बसल्या जागी येणारा पैसा कुणी पैशात धरत नाही.

एकूण एक लाख सत्त्याऐंशी हजार. पहिल्या वर्षी मुद्दलात चव्वेचाळीस हजार फिटतात, ते वजा केले तरी एक लाख त्रेचाळीस उरतात. म्हणजे फ्लॅटची किंमत दर वर्षी चार टक्के वाढली, तर आम्ही जिथल्या तिथं. फायदा त्याच्या पुढं.

मंगळवार

वाढते का चार टक्के? हे कुणाला विचारायचं नाही असं ठरवलं, कारण विचारलं तर सगळे "दुप्पट होतंय" म्हणतात. नोंदणी विभागाच्या साइटवर त्या फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदीचा उतारा, काढला. कॅप्चा तीनदा चुकला. सध्याच्या मालकानं चार वर्षांपूर्वी तेहतीस लाखांना घेतलाय. आज मागतोय छत्तीस, आणि मागतोय म्हणजे मिळतायत असंही नाही. वर्षाला दोन टक्क्यांच्या जरा वर. त्यालाही तेव्हा कुणीतरी पोरंच हप्ता फेडतेत म्हणालं असेल.

ह्यांना कागद दाखवला. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "अठ्ठ्याण्णव हजार मी धरलेच नव्हते."

भाऊजींचा रात्री फोन. शनिवारी एक्कावन्न हजार टोकन द्यायचं, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. म्हटलं, असू द्या उभं. तोवर विकला नाही तर मे महिन्यात, नीटचा पेपर झाल्यावरच्या सोमवारी, आपण परत जाऊ. खोल्या रिकाम्या असतील तेव्हा तोच नळ मला सोडून बघायचाय.

"वहिनी, मे महिन्यात कोण घर बघतंय का?"