आमची वाटचाल: नळ बंद केला तेव्हापासून

सुरुवातीला आमच्याकडे धातूंचे तुकडे यायचे. कापायचे, रेझिनमध्ये बसवायचे, पाणी सोडत घासायचे आणि आरशासारखे करून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी परत द्यायचे. नळ दिवसभर चालू. एकदा सिमेंटचा क्लिंकर (भट्टीतून निघालेले, दळून सिमेंट करायचे खडे) आला, सवयीने तोही पाण्यावर घासला. त्यातला मोकळा चुना पाण्याने विरून गेला आणि फोटोत नुसते खड्डे. ते खड्डे क्लिंकरचे नव्हते, आमचे होते! तेव्हापासून अशा नमुन्यांना तेलातली डायमंड पेस्ट आणि धुवायला निर्जल आयसोप्रोपिल अल्कोहोल.

मग बॅटरीवाले येऊ लागले. लिथियमचे पत्रे, सल्फाइडची घन इलेक्ट्रोलाइट (बॅटरीत आयन वाहून नेणारा घन पदार्थ). सल्फाइडला दमट हवा लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यांचा वास आला म्हणजे नमुना तर गेलाच, आपणही खोलीबाहेर पडायचं.

कर्ज काढून ग्लोव्हबॉक्स घेतला, म्हणजे बाहेरून हातमोज्यांत हात घालून आत काम करायची हवाबंद पेटी. आत आर्गॉन, नायट्रोजन स्वस्त पडला असता, पण लिथियमची त्याच्याशीही अभिक्रिया होते आणि तो काळा पडतो. पाण्याची वाफ 1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली ठेवायची. एकदा मीटरचा आकडा चढला तो उतरेचना. दोन दिवस गळती शोधली, हातमोजे तपासले. शेवटी चोर निघाला पुसायच्या कागदाचा गठ्ठा! आत नेण्याआधी रात्रभर ओव्हनमध्ये सुकवायचा राहिला होता.

खरी अडचण मात्र ग्लोव्हबॉक्सच्या बाहेरची. नमुना बंद डबीतून न्यायचा आणि मायक्रोस्कोपपाशी झटकन काढून आत सरकवायचा, अशी आमची पद्धत होती. एका गिऱ्हाइकाच्या लिथियमवर खरबरीत साय दिसली. चार्जिंगमध्ये बनलेला थर म्हणून ते खूश. लिथियम तर मूलद्रव्यं ओळखणाऱ्या नेहमीच्या एक्स-रे डिटेक्टरला दिसतच नाही, ऑक्सिजन मात्र भरपूर दिसत होता. मला शंका आली. कधीच न वापरलेला कोरा पत्रा त्याच वाटेने नेला, तर त्याच्यावरही तशीच साय. म्हणजे ती चार्जिंगची नव्हती, वाटेत हवा लागून आलेली होती. फोन करून सांगताना जीभ जड झाली होती, पण सांगितलं, आणि सगळं काम फुकट पुन्हा करून दिलं.

आता व्हॅक्यूममध्ये गेल्यावरच झाकण उघडणारा होल्डर आहे. तरी प्रत्येक कामासोबत एक कोरा पत्रा जातोच. त्याचे पैसे लावत नाही. फोटो मात्र अहवालाच्या पहिल्या पानावर असतो.