आमची वाटचाल: प्लायवूडवरचे सासरे

ठाण्याच्या नौपाड्यात आम्ही जुनी तैलचित्रं दुरुस्त करतो; त्या वर्कशॉपची सगळी वर्षं सांगत बसत नाही. सांगायचं ते त्या दोन वर्षांचं, जेव्हा शेजारच्याच गल्लीत ‘दोन दिवसांत नवंकोरं पोर्ट्रेट’ असा बोर्ड लागला आणि आमची कामं निम्म्यावर आली.

आम्ही एका तैलचित्राला तीन महिने मागतो. आधी अल्ट्राव्हायोलेट दिवा: जुनं डमर वॉर्निश (झाडाच्या राळेचं) हिरवट चमकतं, नंतरचं टचिंग, म्हणजे वरून लावलेला रंग, काळं दिसतं. मग फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कडेला ५ मिलिमीटरची चाचणी, व्हाइट स्पिरिट या थिनरमध्ये १० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलपासून सुरुवात. कापसाचा बोळा फिरवायचा, घासायचा नाही. पिवळा आला तर वॉर्निश. तांबूस, तपकिरी आला तर थांबा, रंग निघतोय.

तिकडे साबणाचं पाणी! ते भेगांतून रंगाखालच्या, कॅनव्हासवरच्या सरसापर्यंत गेलं की सरस फुगतो, कॅनव्हास आकसतो, रंगाच्या पापड्या उभ्या राहतात. मग त्या दाबायला मागून प्लायवूड, सुताराचा पांढरा गोंद, वरून पॉलियुरेथेनचं वॉर्निश.

पाचपाखाडीच्या वकीलकाकू आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. पुतण्याने त्यांच्या सासऱ्यांचं चित्र परस्पर तिकडे दिलं. वर्षभराने काकूच ते घेऊन आल्या: “वेळ लागू द्या, पण नाक आमच्याच घरचं हवं.”

पॉलियुरेथेन सौम्य द्रावणात विरघळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली १५ नंबरच्या ब्लेडने ते कणाकणाने उचललं, त्याबरोबर तिकडे रंगवलेलं खोटं नाकही. मग दर्शनी बाजूला जपानी टिश्यू, चित्र पालथं, आणि पटाशीने प्लायवूड थराथराने कमी. शेवटचा थर स्काल्पेलने. गोंद कोमट स्पॅच्युलाने मऊ करून. नवं अस्तर बेव्हा ३७१ या उष्णतेने चिकटणाऱ्या गोंदावर, साधारण ६५ अंशांना. पॅरालॉइड बी-७२ या पुन्हा काढता येणाऱ्या ॲक्रेलिक वॉर्निशचा थर देऊन त्यावरच रिटचिंग, म्हणजे उद्या कुणाला आमचं काम पुसायचं झालं तर मूळ रंगाला धक्का नको.

बिल तिकडच्यापेक्षा बरंच जास्त झालं. काकूंनी चेक फाडला आणि पुतण्याकडे नुसतं पाहिलं.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो: ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला चित्र लावू नका, लावलंच तर मागे कॉर्कचे तुकडे ठेवा, हवा खेळू द्या. पुण्यतिथीचा ओला हार कॅनव्हासला टेकू देऊ नका. आणि गंध काचेवर लावा.

काकूंच्या सासऱ्यांच्या कपाळावर मात्र गंधाचा ठिपका आहे, थेट रंगावर. आम्ही त्याच्या कडेकडेने साफ केलं. तो सासूबाईंनी लावलेला.