पी०१३५: तिसऱ्यांदा लागलेला इंजिन लाइट

गाडी २०११ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, एमएच १३ पासिंग. १ एप्रिल २०१०ला बीएस-४ (गाडीच्या धुराची प्रदूषण मर्यादा) ज्या मोजक्या शहरांत लागू झालं त्यात आपलं सोलापूर होतं. सगळ्या देशात ते २०१७ला आलं. म्हणून या वयाच्या गाडीतही कॅटच्या (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) अलीकडे एक आणि पलीकडे एक असे धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर आहेत.

नोव्हेंबरअखेर लाइट लागला. कोड पी०१३५, म्हणजे अलीकडच्या सेन्सरला सुरुवातीला तापवणाऱ्या हीटरचं सर्किट. ओळखीच्या गॅरेजमध्ये नवा सेन्सर टाकला, कोड उडवला. नऊ दिवसांनी लाइट परत. सेन्सर डुप्लिकेट असेल म्हणून ओरिजिनल मागवून बसवला. अकरा दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा ठरवलं, आता मोजल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

२१ डिसेंबर. ईएलएम ३२७ डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारं) लावून लाइव्ह डेटा पाहिला. इंजिन तापल्यावर सेन्सरचा ग्राफ बघत राहावा असा: ०.१ ते ०.९ व्होल्ट, सारखा वर-खाली. इथेच बरेच जण फसतात. झिर्कोनियाचा हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या पुढे काम करतो. गाडी पळायला लागली की धुराच्या उष्णतेनेच तो तापतो, हीटर बंद असला तरी. त्यामुळे तापलेल्या गाडीचा चांगला ग्राफ हीटरबद्दल काहीच सांगत नाही. हीटरचं काम स्टार्टनंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांचं, तेव्हा बघायचं तेही तेवढ्याच वेळात.

म्हणून रोज सकाळी थंड इंजिन सुरू केल्यापासून ओपन लूपचं क्लोज्ड लूप व्हायला, म्हणजे कॉम्प्युटर सेन्सर बघून पेट्रोल ठरवायला लागायला, किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजायला लागलो. बहुतेक दिवशी ४० सेकंदांच्या आसपास. काही दिवशी अडीच मिनिटांच्या वर. लाइट लागायला सलग दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून, बंद करण्याची एक फेरी) दोष दिसावा लागतो, एकदाच दिसला तर कोड पेंडिंगमध्ये पडून राहतो. म्हणून लाइटची वाट न बघता संध्याकाळी पेंडिंग बघून वहीत लिहायचं. वेळ लांबला त्याच दिवशी पेंडिंगला पी०१३५. दोन्ही जुळलं, पण कारण काही कळेना. थंडी म्हणावी तर कडक थंडीच्या दिवशीही वेळ ४० सेकंद. खड्डे म्हणावेत तर होटगी रोडचा रस्ता रोजचाच.



१२ ते १६ जानेवारी. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापुरातली सिद्धेश्वराची जत्रा. जुन्या गावात गाडी काढणं-लावणं अवघड, म्हणून ती जुळे सोलापूरला बहिणीकडे ठेवली. पाच दिवस, पाच थंड स्टार्ट, एकदाही पेंडिंग नाही. १७ला गाडी साखर पेठेत घरी आणली आणि १८ला सकाळी कोड हजर.

वही घेऊन बसलो. बहिणीकडे गाडी तोंड रस्त्याकडे करून लावलेली, सुरू केली की सरळ पुढे. घरी मात्र बोळातून चढावर वीसेक मीटर रिव्हर्स. ज्या दिवशी रात्री बोळात जागा मोकळी मिळाली आणि गाडी वळवून लावता आली, त्याच्या दुसऱ्या सकाळी कोड नाही. बघा, पूर्ण वही उलगडली!

रिव्हर्समध्ये इंजिन त्याच्या माउंटवर (इंजिन धरणारे रबरी टेकू) उलट्या बाजूला झुकतं. म्हणजे काहीतरी ओढलं जात होतं.

२५ जानेवारी. सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) सोडला. सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, त्यांच्यात ६.१ ओहम. काढून ठेवलेला पहिला सेन्सर मोजला, तोही ६.३. हार्नेसच्या (गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला इंजिन सुरू असताना सप्लाय पिनवर मीटरने १३.९ व्होल्ट दाखवले. सगळंच ठीक! मी अक्कलकोट रोडच्या अण्णांना फोन लावला. त्यांनी आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलंय. ते म्हणाले, "मालक, वायरीचा एक केस जरी शाबूत असला तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतंय. लोड द्या की. इंडिकेटरचा बल्ब लावा."

२१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, जवळपास हीटरइतकाच. एक टोक सप्लाय पिनला, दुसरं बॉडी अर्थला. चाकांना पुढून-मागून विटा, हँडब्रेक, भाचा स्टिअरिंगवर, मी बाजूला उभा. बल्ब लख्ख. पहिल्या गिअरला क्लच हलकासा सोडायला लावला, बल्ब तसाच. मग रिव्हर्स. इंजिन बोटभर पुढे कललं आणि बल्ब विझला. "मामा, आता?" क्लच दाब म्हटलं, इंजिन जागेवर आलं, बल्ब पेटला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

हार्नेस बॅटरी ट्रेच्या खालून येतो तिथे वायर बोटांत धरून सरकवत गेलो. वरचं प्लास्टिक अखंड. पण एका जागी वायर दोऱ्यासारखी मऊ लागली, आत तांब्याचा ताठपणाच नाही. ब्लेडने सोललं तर आतून हिरवी भुकटी पडली. त्याच ठिकाणी इंजिनवरच्या ब्रॅकेटला हार्नेस धरणारी क्लिप नव्हती. दोन वर्षांपूर्वी क्लच प्लेट बदलताना ती निघाली असावी. पलीकडच्या सेन्सरचा फाटा याच्या आधीच वेगळा होतो, म्हणून पी०१४१ (पलीकडच्या सेन्सरच्या हीटरचा कोड) कधी आला नाही.

खराब तुकडा कापून नवी वायर, क्रिंप करून वर सोल्डर, हीट श्रिंक स्लीव्ह, थोडी ढील आणि नवी क्लिप.

१५ फेब्रुवारी. दुरुस्तीनंतर १९ थंड स्टार्ट, सगळे बोळातून रिव्हर्सने. क्लोज्ड लूप ३७ ते ४४ सेकंदांत, पेंडिंग रिकामं. इंजिनचं दबून गेलेलं माउंट पुढच्या रविवारी बदलतोय. त्यानंतर ६.३ ओहमचा तो पहिला, मूळ सेन्सर परत बसवून दोन आठवडे वही चालू ठेवणार आहे.