शिमग्याच्या तोंडावर आंबोली

आंबोली म्हटलं की लोकांना धबधबा, धुकं आणि भाजलेली कणसं आठवतात. मला ती हवी असते फाल्गुनात. घाट मोकळा, जळवा नाहीत, आणि काटेसावर फुललेली! फुलताना या झाडावर पान उरत नाही. त्यामुळे एरवी गर्द झाडीत नुसते ऐकू येणारे पक्षी इथे उघड्या फांदीवर सापडतात.

वेंगुर्ल्याहून उजाडायच्या आत निघालो. किनाऱ्यावर कुरव या समुद्रपक्ष्यांचा थवा अजून होता. ऊन तापलं की तेही उत्तरेची वाट धरतील. सावंतवाडीत चहा, आणि पुढे थेट घाट.

दुर्बीण गळ्यात अडकवून मी रस्त्याने वरखाली करत होतो. टपरीवाल्या काकांनी शेवटी हटकलंच, "खंय फिरतास? हयसरच बसा, पाखरां येतली."

बसलो. मग काय, समोरच्या काटेसावरीवर रांगच लागली. मैना, बुलबुल, शिंजीर, आणि डोक्यावर केसांसारखी पिसं मिरवणारा केसराज कोतवाल. जाड, लाल पाकळ्यांच्या पेल्यात डोकं खुपसून वर आला की कपाळ परागांनी पिवळं. मध्येच शिक्रा हा शिकारी पक्षी ओरडला म्हणून आभाळात पाहिलं, तर हरेवा नावाच्या हिरव्यागार पक्ष्याने केलेली नक्कल! हा लबाड कोतवालाचाही आवाज काढतो. खाली गळलेली फुलं भेकरं येऊन खातात म्हणे. दिवसाढवळ्या कुठली दिसायला.

आता डोळे लागलेत तिलारीकडे. दोडामार्गातल्या या जंगलाला 2020 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. या दिवसांत धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दाराला फक्त एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला फळं भरवत राहतो. अशी ढोली जुन्या, जाडजूड झाडालाच असते. दोडामार्गात डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लावलंय. त्या कोवळ्या खोडांत धनेशाने संसार कुठे थाटायचा?

घरी पालखी येऊन गेली की निघायचं ठरलंय. यायचं असेल तर कॅमेऱ्यासाठी ढोलीजवळ जायचा हट्ट घरी ठेवून या. माणूस दिसला की नर चोचीत फळ धरून लांबच बसून राहतो, आणि आत मादी उपाशी.