गोळीवर गोळी

"फाइल घरीच राहिली, पण औषधं सगळी आणलीत," असं म्हणत मुलानं पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. बरंच झालं. म्हातारं माणूस खरोखर काय काय गिळतंय ते फाइलपेक्षा पिशवीतच दिसतं.

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. न्हाणीत पडल्या होत्या, नशिबानं हाड वाचलं. हात थरथरत होते, पाय उचलत नव्हता. "कंपवात आहे, गोळी चालू आहे," मुलगा म्हणाला.

कुठली गोळी कधी सुरू झाली हे दोघांना विचारत स्ट्रिपा ओळीनं मांडत गेलो. बीपीला ॲम्लोडिपिन 10. त्यानं घोटे सुजतात, हे नेहमीचंच. पण सूज दिसली म्हणून कुणीतरी फ्युरोसेमाइड दिलं, लघवी करवणारं. मग उठलं की चक्कर. चक्करेला सिनॅरिझिन, आणि ते कुणी थांबवलंच नाही. सिनॅरिझिन मेंदूतल्या डोपामिनच्या, हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाच्या, आड येतं, म्हाताऱ्यांना त्यानं हुबेहूब कंपवातासारखंच होतं. त्यावर कंपवाताचं लेव्होडोपा. लेव्होडोपानं मळमळ, म्हणून पॅन-डी. दुसऱ्या दवाखान्याची पॅन-40 होतीच, म्हणजे पित्ताचं एकच औषध, पॅन्टोप्राझोल, दोन नावांनी पोटात. यातल्या कुणाही डॉक्टरला नावं ठेवायची माझी छाती नाही, प्रत्येकानं समोरच्या तक्रारीला औषध दिलं होतं.

आजींचं वरचं बीपी झोपवून 146 भरलं, उभं केल्यावर 112. उठलं की चक्कर येते ती यानंच.

महिन्याला साडेतीन हजार जात होते, मुलगा रिक्षा चालवतो. "जनऔषधीत घेतली तर स्वस्त पडतील ना?" त्यानं विचारलं. पडतात की, पुष्कळच. पण यातल्या अर्ध्या गोळ्या नकोतच, तर त्या स्वस्तात घेऊन करायचं काय?

सिनॅरिझिन त्याच दिवशी बंद केलं. ॲम्लोडिपिन निम्मं केलं, सूज उतरल्यावर फ्युरोसेमाइड काढायचं ठरलं. लेव्होडोपा एकदम तोडायचं नसतं, ते शेवटी, हळूहळू. कंप कमी व्हायला महिने लागतील, हेही सांगून टाकलं. हे सगळं समजावण्यात अर्धा तास गेला, बाहेर पेशंट खोळंबलेले. नवी गोळी लिहायला मिनिट पुरतं.

"काही बरं-वाईट झालं तर?" मुलगा.

"नवं काहीच दिलं नाही व्हय? मग फी कशाची?" आजी.

मुलाला दर पंधरवड्याला बीपी बघायला या म्हटलं, आजींना हसून फी माफ केली.

चार महिन्यांनी लेव्होडोपाही सुटलं. थरथर जवळजवळ गेलीय, आता आजी स्वतः दोरा ओवतात. औषधांचा खर्च सहाशेवर आलाय. पित्ताची गोळी मात्र त्या सोडायला तयार नाहीत. दोनदा बंद केली, दोन्ही वेळा जळजळ उसळली. गोळी थांबवल्यावर काही आठवडे आम्ल जास्तच सुटतं, ते त्यांना पटत नाही. तूर्त एक दिवसाआड देतोय, आणि मधल्या दिवशी त्या परस्पर मेडिकलमधून आणून घेतात, असं मुलगा सांगतो.