खापरपणजोबा क्रॅम्लिंग्टनला कधी आले?

इंग्लंडच्या ईशान्य भागात मी लोकांची घराणी शोधून देण्याचं काम करते. इतर ठिकाणच्या मंडळींना आपल्या वंशावळीत एखादा सरदार, गेला बाजार एखादा पाद्री तरी निघावा असं वाटत असतं. नॉर्थम्बरलंड आणि डरममधल्या माणसांना कोळशाची खाण हवी असते, आणि ती जितकी मागे जाईल तितकी हवी असते.

माझ्याकडे आलेले हे गृहस्थ त्यातलेच. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त खाणकामगार. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चाललेला खाणकामगारांचा संप त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत निभावला. त्या संपात मधूनच कामावर परतलेल्या भावाशी आजही न बोलणारी माणसं मला इथे ठाऊक आहेत. या गृहस्थांच्या बैठकीत टॉमस बर्ट यांचा फोटो लावलेला होता. बर्ट दहाव्या वर्षी खाणीत उतरले, १८६५ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगार संघटनेचे सचिव झाले आणि १८७४ मध्ये मॉर्पेथमधून निवडून पार्लमेंटमध्ये गेले. इथल्या जुन्या घरांत त्यांना देवासारखा मान आहे.

"आम्ही पहिल्यापासून क्रॅम्लिंग्टनचे," गृहस्थ म्हणाले. क्रॅम्लिंग्टन म्हणजे नॉर्थम्बरलंडमधलं कोळशाच्या खाणींचं गाव. "सगळ्या पिढ्या कोळशात आणि सगळ्या संघटनेत. तुम्ही फक्त कागद जमवून द्या. नातीला द्यायचेत."

या कामात उलटं चालायचं असतं. ब्रिटनमधल्या जनगणनेचे मूळ कागद शंभर वर्षं बंद असतात, त्यामुळे सध्या हाताला लागणारी सर्वात अलीकडची जनगणना १९२१ची. त्यानंतरची, इंग्लंड आणि वेल्सची १९३१ची, १९४२च्या आगीत जळून गेली आणि १९४१ची युद्धामुळे झालीच नाही. १९२१च्या जनगणनेची तर कथाच खाणीशी जोडलेली आहे. ती एप्रिलमध्ये व्हायची होती, पण खाणमालक आणि कामगारांच्या तंट्यामुळे १९ जूनवर गेली, आणि त्या तारखेलाही खाणींची टाळेबंदी उठलेली नव्हती. या घराच्या फॉर्मवर आजोबांच्या नावापुढे मालकाच्या रकान्यात खाणीचं नाव आहे आणि शेजारी 'काम नाही' असा शेरा. तो कागद बघून गृहस्थ खूश झाले. म्हणाले, "हे फ्रेम करून लावायचं."

१९११चा फॉर्म मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे. त्याआधी घराघरातून भरून आलेले फॉर्म प्रगणक आपल्या वहीत उतरवून घ्यायचा आणि मूळ फॉर्म पुढे नष्ट व्हायचे, म्हणजे आपण वाचतो ते अक्षर प्रगणकाचं. १९११चे घरगुती फॉर्मच जपले गेले आहेत. पणजोबांनी जाड निबाने, शाई सांडत, स्वतः भरलेला फॉर्म समोर आला. त्या वर्षी लग्न झालेल्या बायकांना मुलं किती झाली, किती जगली, किती गेली हेही विचारलं होतं. पणजीच्या ओळीत नऊ, पाच, चार असे आकडे आहेत. पणजोबांनी स्वतःचं जन्मस्थळ लिहिलं आहे: क्रॅम्लिंग्टन. घरातली गोष्ट इथपर्यंत अगदी खरी.

त्याच्या मागे गेल्यावर घोळ सुरू झाला. १८७१मध्ये हे पणजोबा पाच वर्षांचे असायला हवेत, पण त्या आडनावाने कुणीच सापडेना. आडनाव इथे लिहीत नाही, मात्र ते इथल्या कानाला अनोळखी आहे आणि प्रगणकाने ते ऐकू आलं तसं लिहिलं आहे. वर संगणकासाठी त्याची सूची करणाऱ्याने प्रगणकाचं अक्षर वाचताना आणखी मोडतोड केली. या सूच्या कुणी, किती घाईत आणि किती कमी पैशात केल्या असतील ते रोज दिसतं, आणि त्यांच्यावर डोळे मिटून विसंबणाऱ्यांचा मला राग येतो. त्याहून जास्त राग येतो तो इंटरनेटवरच्या आयत्या वंशवृक्षांचा. अशाच एका वृक्षात हे घराणं जवळपास त्याच आडनावाच्या, सतराव्या शतकापासून नॉर्थम्बरलंडमध्ये असलेल्या एका शेतकरी घराण्याला चिकटवून दिलेलं होतं, आणि कित्येकांनी तेच जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. पुरावा एकानेही दिलेला नव्हता.

अशा वेळी आडनावाची जागा सरळ रिकामी सोडायची. मुलाचं नाव, वय, जन्मगाव आणि आईचं नाव एवढंच घालून शोधायचं आणि जे येईल ते पान डोळ्यांनी वाचायचं. तसं ते पान मिळालं.

खाणीच्या मालकीच्या घरांची एक ओळ. कुटुंबप्रमुख, म्हणजेच खापरपणजोबा: वय अडतीस, कोळसा खाणकामगार. धंद्याच्या रकान्यावर लंडनच्या कारकुनांनी मोजणी करताना मारलेल्या जाड रेघा होत्या, त्याखालून ते शब्द सोडवावे लागले. जन्मस्थळ कॉर्नवॉल, ग्वेनॅप. बायको ग्वेनॅप. तेरा वर्षांचा मुलगा, तोही खाणीत, ग्वेनॅप. नऊ वर्षांची मुलगी, ग्वेनॅप. पाच वर्षांचा मुलगा, म्हणजे आपले पणजोबा, क्रॅम्लिंग्टन. तान्हं बाळ, क्रॅम्लिंग्टन.

कॉर्नवॉल म्हणजे देशाचं पार दुसरं, नैर्ऋत्येचं टोक, आणि ग्वेनॅप तांब्याच्या खाणींचं गाव. १८६१च्या जनगणनेत हाच माणूस तिथे 'तांबे खाणकामगार' म्हणून आहे आणि त्याची बायको खाणीबाहेर खनिज निवडायच्या कामावर.

इथवर कुणालाही येता आलं असतं. मी मात्र एकाच घराची ओळ वाचून पान कधीच मिटत नाही, शेजारपाजार वाचते. शेजारचं घर: नवरा-बायको कॉर्नवॉल, मोठी मुलं कॉर्नवॉल, धाकटं क्रॅम्लिंग्टन. त्याच्या पुढचं तसंच. पान उलटलं तरी जन्मस्थळाच्या रकान्यात कॉर्नवॉल, कॉर्नवॉल, वरीलप्रमाणे. आणि प्रत्येक घरात मुलांची जन्मगावं बदलतात ती जवळजवळ एकाच सुमाराला. एखादं कुटुंब पोटामागे येतं तेव्हा असं दिसत नाही. अख्खी ओळ एकदम येते तेव्हा कुणीतरी तिला आणलेलं असतं.

क्रॅम्लिंग्टनला १८६५च्या शरदात मोठा संप झाला होता. इथल्या खाणकामगाराला घर आणि जळणाचा कोळसा मजुरीचाच भाग म्हणून मिळे, त्यामुळे काम थांबलं की घरही जाई. मालकांनी बेलिफ आणून संपकऱ्यांना बायकापोरांसकट घराबाहेर काढलं आणि रिकाम्या झालेल्या घरांत कॉर्नवॉलहून आणलेली माणसं बसवली. कॉर्नवॉलमध्ये तांब्याचा धंदा तेव्हा उतरणीला लागला होता आणि पुढच्याच वर्षी पार कोसळला. बर्ट नुकतेच सचिव झाले होते, ते नेमके याच संपाच्या दिवसांत.

तरीही शंका उरत होती. हे कुटुंब संपाच्या वर्षभर आधीही आलेलं असू शकतं. मुलीचं वय नऊ आणि पणजोबांचं पाच. त्या काळच्या अशा घरात दोन मुलांमध्ये चार वर्षांचं अंतर दिसलं की मधलं एक मूल गेलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि जनगणनेत मेलेली मुलं नसतात. जन्मनोंदणीच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव असतं, त्यावरून तो मधला मुलगा सापडला. १८६३ची नोंद, कॉर्नवॉलमधला रेड्रूथ जिल्हा. मग मृत्यूची सूची पाहिली. तोच जिल्हा, १८६५ची तिसरी तिमाही. दाखला मागवला.

सप्टेंबर १८६५, वय दोन, स्कार्लेट फिव्हर. खबर देणारा बाप, मृत्यूच्या वेळी हजर. सहीच्या जागी फुली.

पणजोबांच्या जन्मदाखल्यावर फेब्रुवारी १८६६ आहे, ठिकाण क्रॅम्लिंग्टन. म्हणजे सप्टेंबरमध्ये मूल पुरलं आणि पोटात दुसरं असलेली बाई त्याच हिवाळ्यात देशाच्या या टोकाला आली. तारखा याहून जवळ आणता येत नाहीत, आणि आणायची गरजही नाही.

याच कामातल्या एका अनुभवी सहकाऱ्याला मी हे दाखवलं. तो म्हणाला, "रोजगारासाठी स्थलांतर असं लिही आणि मोकळी हो. म्हाताऱ्याला कशाला त्रास?" मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. माणसं मला पैसे देतात ते काय घडलं हे कळावं म्हणून. पण अहवालात 'संपफोड्या' लिहायलाही मी तयार नव्हते. त्या माणसाला कुणी काय सांगून आणलं, संप चालू आहे हे त्याला निघण्यापूर्वी ठाऊक होतं की स्टेशनवर उतरल्यावर कळलं, हे माझ्याजवळच्या एकाही कागदावर नाही. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत त्याचं नाव मला मिळालं नाही. म्हणून मी तारखा लिहिल्या, शेजाऱ्यांची जन्मगावं लिहिली, संपाचा काळ लिहिला, आणि शेवटी स्पष्ट लिहिलं की हे कुटुंब संपकऱ्यांच्या जागी आणलेल्या कॉर्निश कामगारांपैकी असावं असं पुरावे सुचवतात. त्याला किती माहिती होती ते सांगता येत नाही.

अहवाल टपालाने न पाठवता मी स्वतः घेऊन गेले. त्यांनी तो सावकाश वाचला. मृत्यूचा दाखला पुन्हा मागे जाऊन वाचला. मग त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, त्याला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "आला तेव्हाचं मला सांगता येणार नाही. पण आल्यावर आठवडाभरात कळलंच असेल. तरी तो राहिला."

"जाणार कुठे? बायको दिवसात होती," ते म्हणाले, आणि लगेच, जरा रागानेच, "आमच्यातही जे कामावर परत गेले त्यांची बायकापोरं होतीच की." १९८४-८५मध्ये परतलेल्यांपैकी कुणाची त्यांना आठवण झाली असेल, ते मी विचारलं नाही. त्या दोन वाक्यांच्या मधे ते कुठे उभे आहेत हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं, आणि मलाही अजून येत नाही. फेब्रुवारी १८६६चा दाखला हातात घेतला की मी बापाच्या बाजूची होते, आणि घराबाहेर काढलेल्या पोरांचा विचार केला की राहत नाही.

निघताना त्यांनी दुसरं काम दिलं. "त्या घरात आधी कोण राहत होतं, ते शोधा. ते कुठे गेले?"

हे पहिल्यापेक्षा अवघड आहे. १८६१च्या वहीत ओळीचं नाव आहे, घरांचे नंबर नाहीत. जनगणना आणि संप यांत चार वर्षांहून जास्त अंतर, आणि खाणकामगार एका जागी टिकत नसे. त्यामुळे एका घराचा नाद सोडून मी अख्खी ओळ घेतली आहे. १८६१मध्ये तिथे असलेलं प्रत्येक कुटुंब १८७१मध्ये शोधायचं आणि १८६५नंतर झालेल्या मुलांची जन्मगावं बघायची, कारण तीच सांगतात की घर गेल्यावर ते पहिल्यांदा कुठे थांबले. काही कुटुंबं नॉर्थम्बरलंडच्याच दुसऱ्या खाणींवर मिळाली, काहींचा पत्ता लागत नाही. एका घरात १८६६च्या जानेवारीत झालेलं मूल आहे. त्याचा जन्मदाखला मागवला आहे, कारण जनगणनेत नुसतं गावाचं नाव असतं आणि दाखल्यावर जन्माची नेमकी जागा लिहिलेली असू शकते.