मे महिन्याच्या हिशोबाने मासे: सोलापुरातल्या फिशटँकचा माझा अनुभव

सोलापुरात फिशटँक ठेवायचा असेल तर त्यातले मासे मे महिना डोळ्यासमोर ठेवून ठरवावेत, असं माझं ठाम मत झालं आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत जे मासे मजेत फिरताना दिसतात, त्यांनाच एप्रिल-मेमध्ये तेवढं पाणी पुरत नाही. काच तीच, पाणी तेवढंच, पण त्या पाण्यातला जीव कमी झालेला असतो.

माझ्या दिरांची पुण्याला बदली झाली आणि त्यांचा टँक माशांसकट आमच्या हॉलमध्ये आला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आत दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब, एंजलची जोडी, एक 'शार्क', काचेला चिकटून राहणारा एक सकर मासा आणि दहा-बारा गप्पी. "वहिनी, खायला घाला आणि महिन्यातून एकदा धुऊन काढा, बाकी काही लागत नाही," असं दीर सांगून गेले.

मी आधी नुसती बघत बसले, आणि नवीन टँक हाती आलेल्या कुणालाही हेच सांगेन. सकाळी लवकर, लाइट लावायच्या आधी बघायचं. आमचे बहुतेक मासे त्या वेळी वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड लावून भराभर श्वास घेत असायचे. एंजलच्या पोटाखाली दोन लांब धाग्यांसारखे पर असतात. एकीचा धागा अर्ध्यातून तुटलेला होता, शेपटीची कड कुरतडलेली होती. थोडा वेळ न हलता उभी राहिले तेव्हा कारण दिसलं. एक टायगर बार्ब मागून यायचा, चटकन परांचा तुकडा तोडायचा आणि झाडामागे पळायचा. एंजल वळेपर्यंत दुसरा हजर.

मग टेप घेऊन माप काढलं. बाहेरच्या मापाने हिशोब केला तर टँक सुमारे 56 लिटरचा. पण काचेची जाडी, तळाची खडी आणि वरची रिकामी सोडलेली चार बोटं वजा केली की खरं पाणी 45 लिटरच्या आसपास उरतं. दुकानात सांगतात तो एक इंच माशाला चार लिटरचा नियम या पाण्याला लावून बघितला, पण त्यावर माझा विश्वास बसत नाही. एक-एक इंचाचे दहा गप्पी आणि दहा इंचांचा एक सकर यांची लांबी एकच भरते, घाण मात्र सकर कित्येक पट जास्त करतो.

अमोनिया तपासायचं किट मागवलं. छोट्या काचेच्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक. आमचं पाणी हिरवं झालं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विषच. नायट्रेट त्यामानाने सौम्य, ते पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. महिन्यातून एकदा टँक रिकामा करून खडी-स्पंज नळाखाली खळखळून धुतला की क्लोरीनने ते मरतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्यात आपलं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो याचाच. अशा पाण्याचा पीएच सहसा चढा असतो, आणि पीएच व तापमान दोन्ही वर असलं की तोच अमोनिया जास्त जहाल होतो.

मासे कमी करेपर्यंत निभावून नेणं गरजेचं होतं. आपल्याकडे नळाला पाणी दिवसाआड नाही, त्याहूनही उशिरा येतं, त्यामुळे माशांसाठी एक झाकणाचा ड्रम वेगळा ठेवला. त्यात क्लोरीन घालवायचे थेंब टाकायचे आणि रोज टँकमधलं पाव हिस्सा पाणी बदलायचं. स्पंज काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी थेट कधीच नाही. उन्हाळ्यात दुपारी त्या पाण्यात हात घालवत नाही.

कोणाला ठेवायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. सगळ्यात आधी 'शार्क' जाणार हे नक्की होतं, कारण तो शार्क नाहीच. मासळी बाजारात पंगस आणि हॉटेलात बासा म्हणून मिळतो तोच हा मासा, आणि तो मीटरभराहून लांब वाढतो. बोटाएवढं पिल्लू घरच्या टँकसाठी विकणं मला अजूनही पटत नाही. गोल्डफिश थंड पाण्याचे, वीतभर वाढणारे, खादाड आणि भरपूर घाण करणारे, म्हणून गप्पी-एंजलसोबत त्यांची सोय कधीच नीट लागत नाही. टायगर बार्ब वाईट मासा नाही. आठ-दहांच्या थव्यात तो आपसातच भांडत राहतो, पण तीन-चारच ठेवले तर दुसऱ्यांच्या लांब परांवर जातो. एंजलला उंच टँक हवा, आणि मोठी झाली की तोंडात मावणारा गप्पी ती गिळतेच.

दुकानदार मात्र म्हणाले, "काय होत नाही ओ ताई, सगळे एकत्र राहतात." दुकानात राहतात हे खरं, कारण तिथे मासा दोन-चार दिवसच असतो आणि पिल्लू असतो. बार्ब आणि सकर त्यांनी परत घेतले, पैसे न देता, आणि मी ते आनंदाने दिले. शार्क पंगसचं शेततळं असलेल्या ओळखीच्यांकडे गेला, गोल्डफिश मैत्रिणीच्या अंगणातल्या सिमेंटच्या मोठ्या हौदात, एंजल चार फुटी टँक असलेल्या एका शिक्षकांकडे.

"कंबर तलावात सोडून द्या, पुण्य लागेल," असंही दोघांनी सुचवलं. कृपा करून हे कुणी करू नका. सकर अशाच सोडलेल्या माशांतून आंध्र, तेलंगण आणि बंगालच्या पाण्यात पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात आणि तिथल्या मूळच्या माशांचं खाणं-जागा जाते. मासा नको असेल तर दुकानात परत द्या, नाहीतर दुसऱ्या टँकवाल्याला द्या.

उरले गप्पी. आपल्या पाण्याला तेच योग्य, हे हळूहळू पटत गेलं. दुकानात निऑन टेट्रा घ्या म्हणत होते, दिसतोही देखणा. पण तो ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला, त्याला 22 ते 26 अंश मानवतं. आपल्या जड आणि उन्हाळ्यात तिशी ओलांडणाऱ्या पाण्यात त्याला आणायचं कशाला? गप्पी आणि मोली जड पाण्यात खुलतात. मोली मात्र मोठी होते, म्हणून 45 लिटरमध्ये मी ती टाळली.

गप्पींची अडचण वेगळी, ते पिल्लंच घालतात. एक मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं देते आणि नराचं बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे नुसत्या माद्या ठेवूनही टँक भरतो. म्हणून फक्त नर ठेवायचे ठरवलं. ओळखायला सोपं आहे. नर लहान आणि रंगीत, पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार. मादी मोठी, फिकट, तोच पर पंख्यासारखा आणि त्याच्या जवळ काळा डाग. मी आणि मुलाने एका रविवारी पांढऱ्या टबात एकेक मासा घेऊन निवड केली. माद्या गोल्डफिशच्या हौदातच गेल्या, पिल्लं झाली तरी गोल्डफिश ती उरू देत नाहीत.

आता टँकमध्ये आठ नर गप्पी आणि एक हनी गौरामी आहे. गौरामीकडे हवेतून श्वास घ्यायचं वेगळं इंद्रिय असतं, लाइट जाऊन पंप बंद पडला की त्याचा उपयोग होतो. फायटरलाही ते असतं, पण गप्पीची मोठी रंगीत शेपटी बघून तो अंगावर जातो, म्हणून तो नको. गौरामीला आधी वेगळ्या टबात ठेवून, अंगावर पांढरे ठिपके वगैरे काही नाही ना हे बघून मगच आत सोडलं.

खरी परीक्षा मेमध्ये झाली. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच, आणि गरम पाण्यात माशाला तर तो जास्त लागतो. मी टँकची काचेची झाकणी काढून जाळी बसवली आणि छोटा टेबल फॅन पाण्यावरून वाहेल असा लावला. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. खाणं निम्म्यावर आणलं. चार्जिंगचा एअर पंप घेऊन ठेवला. पाणी उडून पातळी उतरते तेवढी भर आरओच्या शुद्ध पाण्याने घातली, कारण उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात, आणि जड पाण्याची भर घालत राहिलं तर ते जास्तच जड होत जातं. एका दुपारी लाइट बराच वेळ नव्हती, पण एकही मासा वर येऊन तोंड उघडत नव्हता. नऊ मासे आहेत म्हणून हे जमलं.

पाहुणे आले की "टँक रिकामा दिसतोय हो" म्हणतात. त्यावर मासे वाढवण्याऐवजी मी हॉर्नवर्ट आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पती वाढवल्या. दोन्ही जड पाण्यात जोमाने येतात, अमोनिया-नायट्रेट शोषतात आणि गप्पी त्यातून दिवसभर हिंडतात. मुलाला अजूनही एंजल हवेत. त्यासाठी निदान दीड फूट उंचीचा, वेगळा टँक लागेल, आणि तो फॅनजवळ पण खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवायला हॉलमध्ये जागा निघाली तरच घेऊ, असं आमचं ठरलं आहे.